गळ्यातल्या पेटीचे सूर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, खामगावच्या मे महिन्यातल्या उन्हाबद्दल मी तुम्हाला नवीन काय सांगणार? पण त्या उन्हात अकॉर्डियनचं काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असेल. अकॉर्डियनच्या आत ज्या धातूच्या पात्यांतून सूर निघतो, त्या पात्या लाकडी ठोकळ्यांवर मेणानं चिकटवलेल्या असतात. मधमाश्यांचं मेण आणि त्यात थोडी राळ. युरोपातल्या थंड हवेत हे मेण वर्षानुवर्षं धरून ठेवतं. आमच्याकडे लग्नाच्या सिझनमध्ये बँडच्या गाडीत दुपारभर पेटी बंद राहिली की मेण मऊ पडतं, आणि सायंकाळी वरात निघाली की एखादी पाती सुटून पेटीच्या आत खुळखुळायला लागते. तो सूर गेला.

आपल्या हार्मोनियमला ही भीती नाही. तिचे सूर, म्हणजे पितळी पात्या, स्क्रूनं बसवलेले असतात. अंगणात ठेवा, टेम्पोत टाका, दिंडीत न्या. हार्मोनियम आपल्याकडे टिकली आणि अकॉर्डियन टिकलं नाही, याची संगीतातली कारणं विद्वान लोक सांगतील. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला माणूस. मला त्यात मेण आणि स्क्रू यांचाही हात दिसतो.

दोन्ही वाद्यं तशी चुलत बहिणी. १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियन यानं अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. पुढे पॅरिसमध्ये पायानं भाता चालवायची हार्मोनियम झाली, आणि १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढून तिला मांडीजवळ बसवली. एक मोठा फरक मात्र राहिला. हार्मोनियमचा भाता हवा साठवून ठेवतो आणि सूर एकाच दिशेच्या हवेवर बोलतो. अकॉर्डियनचा भाता उघडतानाही वाजतो आणि मिटतानाही. म्हणून तिथे प्रत्येक सुराला दोन जिभा, एक ओढीची आणि एक दाबाची. भात्याचं वळण आलं की आवाज क्षणभर उतरतो आणि परत भरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्य श्वास घेतंय.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही नुसतं ‘मास्तर’ म्हणत असू. भुसावळला रेल्वेत असलेल्या एका गोवेकर गृहस्थाकडे ते शिकले, आणि मग आमच्याकडच्या बँड पार्टीत आणि नंतर ऑर्केस्ट्रात वाजवत राहिले. त्यांचं अकॉर्डियन जर्मन बनावटीचं, मुंबईत कुणाचं तरी वापरलेलं घेतलेलं. उजव्या हाताला एकेचाळीस पट्ट्या, डाव्या हाताला एकशेवीस बटणं. पोरं त्याला ‘गळ्यातली पेटी’ म्हणायची. १९७६ साली मी त्यांच्याकडे जायला लागलो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतो. शिकवताना ते गुडी सिरवाईंचं नाव कानाला हात लावून घ्यायचे. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या तबकड्या त्यांच्याकडे होत्या. त्या लावून ते म्हणायचे, ‘बोटं आयकू नको लेका, भाता आयक.’ ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केरसी लॉर्ड यांनी वाजवलेलं अकॉर्डियन आहे. ते गाणं ऑर्केस्ट्रात आलं की मास्तर डोळे मिटून घेत.

मग ऐंशीच्या दशकात कॅसिओ आला. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे सगळ्याच की-बोर्डांना कॅसिओच म्हणतात. काखेत मारून न्यावा, बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की व्हायोलिन, तिसरं दाबलं की अकॉर्डियनसुद्धा! दहा-बारा किलोचं धूड गळ्यात अडकवून उभं राहणाऱ्याची गरज संपली. मास्तर ऑर्केस्ट्रातून बाहेर पडले, कापसाच्या दलालाकडे लिहिणावळीचं काम करू लागले. मी माझं दुरुस्तीचं दुकान काढलं. खरं सांगायचं तर त्यांच्या पोटावर पाय आणणारे ते कॅसिओच मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत होतो.

त्या दुरुस्तीतूनच मला मिडी समजली. कॅसिओच्या पाठीमागे पाच टाचण्यांचं एक गोल भोक असतं, ते कशाला, हे गिऱ्हाइकाला माहीत नसायचं आणि सुरुवातीला मलाही नाही. मिडी ही आवाजाची तार नव्हे. त्या तारेतून सूर जात नाही, निरोप जातो. ‘साठ नंबरची पट्टी दाबली’, ‘साठ नंबरची पट्टी सोडली’, ‘आवाज इतका वाढव’. आकडे शून्य ते १२७. निरोप मिळाल्यावर सनई वाजवायची की घंटा, हे पलीकडच्या यंत्रानं ठरवायचं. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि १९८३ साली एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांची वाद्यं या एकाच भाषेत बोलू लागली. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे हजारभर निरोप. आजच्या मानानं हा वेग बैलगाडीचा. पण दहा बोटांच्या माणसाला तो अजूनही पुरतो, म्हणून चाळीस वर्षांनंतरही ती भाषा चालू आहे.

अकॉर्डियनवाल्यांनी ही संधी लगेच ओळखली. इटलीत आणि अमेरिकेत पट्ट्यांखाली स्पर्शजोड बसवून जुन्या वाद्यांना मिडी जोडू लागले. आतले सूरही वाजायचे आणि बाहेरचं यंत्रही. २००४ साली रोलँड कंपनीनं आत एकही पाती नसलेलं अकॉर्डियन बाजारात आणलं. भाता मात्र ठेवला, कारण भाता काढला तर वाजवणारा जवळ घेणार नाही. भात्यातला हवेचा दाब मोजायचा आणि त्याप्रमाणे आवाज कमी-जास्त करायचा. त्याची किंमत लाखात. खामगावात ते येण्याचा प्रश्नच नव्हता.

२०१७ साली मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. ऐंशीच्या घरात होते. जीव वाचला, बोलणंही दोन-तीन महिन्यांत परत आलं, पण डावा हात गेल्यात जमा. थोडा दाब देता येई, ओढता अजिबात येत नव्हतं. आता अकॉर्डियनमध्ये सगळं बळ डाव्या हाताचं. उजवा नुसता बोलतो, श्वास डावा देतो. मी भेटायला गेलो की ते उजव्या हाताची बोटं पांघरुणावर चालवत पडलेले असत. काकू म्हणाल्या, ‘रात्रीही असंच चालू असते हो.’

मी म्हटलं, ‘मास्तर, पेटीला तारा लावून देतो. हवा लागणार नाही.’

‘आतले सूर?’

‘ते काढावे लागतील. तसेही अर्धे गेलेतच.’

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काढशील तर मोजून देजो.’

सूर काढण्याआधी एक काम केलं पाहिजे, हे मला सुचलं याबद्दल मी स्वतःला थोडी शाबासकी देतो. बाजारात अकॉर्डियनचे तयार आवाज मिळतात, चांगलेही असतात. पण मला वाटलं, जो आवाज आपण मोडणार आहोत तो आधी धरून ठेवावा. तेव्हा पेटी मी दुकानात आणली आणि रात्री एकनंतर, गावातली वाहतूक आणि शेजारचा पिठाच्या चक्कीवाला झोपल्यावर, एकेक पट्टी वाजवून ध्वनिमुद्रित केली. एकदा हळू, एकदा भरून. मास्तर नेहमी दोन पात्या एकदम बोलवणारा सूर लावत. त्या दोन पात्या मुद्दाम किंचित बेसुऱ्या ठेवलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. मधल्या धैवताजवळ दहा सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या दहाव्या भागाचा फरक असला तर सेकंदाला अडीच लाटा येतात. मास्तरांची पेटी जागोजाग निराळी थरथरत होती. पन्नास वर्षांत जशी उतरली तशी. एकेचाळीसपैकी एकोणतीस पट्ट्या धड बोलल्या. उरलेल्या बारांसाठी शेजारच्या पट्टीचा आवाज संगणकावर ताणून किंवा आवळून बसवला. ऐकताना मला काही फरक कळला नाही.

मग पेटी उघडली. उजव्या बाजूला तीन सूर म्हणजे एकशेतेवीस पात्यांच्या जोड्या असायला हव्यात. एकशेचार निघाल्या. मास्तरांना फोन केला तर ते म्हणाले, ‘बराबर हाये. सुटली की खुळखुळते म्हणून काढून खिशात टाकत जाओ. एक मलकापूरच्या लग्नात गेली, दोन नांदुऱ्यात.’ बाकीच्यांचाही हिशेब त्यांनी सांगायला घेतला, काकूंनी फोन काढून घेतला.

पुढचं काम माझ्या रोजच्या धंद्यातलं. प्रत्येक पट्टीच्या शेपटीला एक लहान चुंबक आणि त्याच्या समोर एक रीड स्विच. हा स्विच दरवाज्याच्या चोरघंटीत असतो; काचेच्या बारीक नळीत दोन पात्या, चुंबक जवळ आला की चिकटतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पन्नास मागवले. एकेचाळीस पट्ट्यांना एकेचाळीस तारा लागत नाहीत. सहा आडव्या, सात उभ्या. तेरा तारांत बेचाळीस छेद मिळतात, प्रत्येक छेदावर एक डायोड लावला म्हणजे तीन पट्ट्या एकदम दाबल्यावर भुताटकीनं चौथी वाजत नाही. त्या तारा आर्डुइनोच्या लहानशा बोर्डाला गेल्या आणि बोर्ड जुन्या लॅपटॉपला. हे आर्डुइनो २००५च्या सुमाराचं, इटलीतलं. अकॉर्डियनचं मोठं केंद्र कास्टेलफिदार्दो हेही इटलीतच, हा निव्वळ योगायोग. पण काम करताना मला त्याची गंमत वाटत होती. पट्टी किती जोरात दाबली हे मोजायची गरज नव्हती. अकॉर्डियनमध्ये जोर बोटाचा नसतोच.

जोर भात्याचा, आणि तिथेच माझं गाडं अडलं. आत दाब मोजणारा सेन्सर बसवला, ओढीचाही आणि दाबाचाही दाब कळेल असा. पहिला धडा असा मिळाला की सूर काढून त्यांची भोकं बुजवली की हवा जायला वाटच राहत नाही आणि भाता दगडासारखा घट्ट बसतो. एक भोक पाडून त्यावर सरकती पट्टी लावली. दुसरा धडा कठीण होता. मास्तरांचा हात अगदीच कमी दाब देई, म्हणून मी सेन्सरची संवेदना वाढवली. बोटभर दाबावर भरपूर आवाज! मास्तरांनी हात ठेवला आणि आवाज थरथरा कापू लागला. त्यांच्या हातातला कंप, जो डोळ्यांना दिसतही नव्हता, तो स्पीकरमधून सगळ्या घराला ऐकू येत होता. कंप गाळून टाकावा म्हणून मी प्रोग्रॅममध्ये सरासरी घेतली, तर आवाज उशिरा येऊ लागला. बोट पुढे, सूर मागे. कंप कमी करावा तर उशीर वाढतो, उशीर कमी करावा तर कंप दिसतो. पंधरा दिवस मी त्या दोन टोकांमध्ये येरझारा घातल्या. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. एकदा काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, ‘आता नका आणू ते. तुम्ही गेल्यावर रडतात.’

मी महिनाभर गेलो नाही.

वाट सापडली ती जुन्या नाटकाच्या गप्पांतून. संगीत नाटकांच्या कंपन्यांत पायपेटी असायची, ऑर्गन. दोन्ही हात मोकळे, भाता पायानं. मास्तरांचा उजवा पाय तर ठणठणीत होता. शिलाई मशीनच्या मोटरचा पायानं दाबायचा पेडल घेतला, त्याच्या आतलं काढून एक साधा व्हॉल्यूमचा पॉट बसवला आणि मिडीच्या अकरा नंबरच्या निरोपावर, म्हणजे आवाजाच्या चढउतारावर, लावून दिला. पाय दाबला की चढतो, उचलला की उतरतो. भाता चामड्याच्या पट्ट्यानं मिटवून टाकला आणि पेटी मांडीवर आडवी.

या वेळी आणखीही एक करून नेलं होतं, आणि ती माझी हुशारी माझ्याच अंगावर आली. डावा हात नाही, तर उजव्या हाताच्या स्वरांवरून डाव्या हाताचे बास आणि कॉर्ड आपोआप वाजतील असा प्रोग्रॅम लिहिला होता. मास्तरांनी दोन ओळी वाजवल्या, खालून बास वाजू लागला. ते थांबले.

‘हे कोन वाजवून राह्यलं?’

मी समजावून सांगितलं.

‘बंद कर ते. डावा हात माहा गेला. तो तुह्या डब्बीनं वाजवायचा नाही.’

बंद केला. मग ते नुसत्या उजव्या हातानं वाजवत राहिले, अर्धा-पाऊण तास. पेडलला वळण नाही, भात्यासारखी ओढ-दाब नाही, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार. कारण ओळ संपताना ते पाय क्षणभर उचलू लागले, अगदी भाता वळावा तसा. मी ते सांगितलं नव्हतं, मला सुचलंही नव्हतं. वाजवणं संपल्यावर म्हणाले, ‘आवाज माह्याच पेटीचा हाये. पण वरची काळी चार कोनाची हाये? आन् ही पांढरी दोन?’ श्रोतेहो, मी ज्या बारा पट्ट्या शेजारच्या आवाजावरून बनवल्या होत्या, त्यांपैकी नऊ त्यांनी बसल्या बैठकीला बोट ठेवून दाखवल्या.

संध्याकाळी आळीतलं भजनी मंडळ यायला लागलं आणि तिथे निराळाच वाद निघाला, गंधाराचा. मंडळातले एक बुवा म्हणत, पेटीचा गंधार चढा लागतो. ते खरंच आहे. या पट्ट्यांचे बारा स्वर समान अंतरावर कापलेले. त्यात शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट चढा पडतो. आज मी ज्या आकाशवाणीवरून बोलतोय तिनं १९४० ते १९७१ हार्मोनियमला दारात उभं केलं नव्हतं, त्यामागच्या तक्रारींत ही एक होती. दुसरी, पेटीत मींड नाही ही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम करून यावर उत्तर दिलं आहे. मिडीत हे काम सोपं. कुठला स्वर किती सेंट चढवायचा-उतरवायचा, याचा तक्ता भरायचा. अडचण एवढीच की तक्ता षड्जाला बांधलेला. गाणाऱ्यानं काळी एकवरून काळी दोन धरली की सगळा तक्ता सरकवावा लागतो. म्हणून सगळ्यात खालची पट्टी मी षड्ज सांगण्यासाठी राखली. ती धरून दुसरी कुठलीही पट्टी दाबली की ती पट्टी सा. बुवा खूष झाले. मास्तरांना मात्र सिनेमाच्या गाण्यांना हा गंधार चालत नसे. ‘त्याले चढाच पाह्यजे,’ म्हणत आणि तक्ता बंद करायला लावत. माझ्या मते दोघंही बरोबर होते. एकच गंधार सगळीकडे लावावा, हा हट्ट ज्याच्याकडे एकच पेटी आहे त्याचा.

मास्तर जवळजवळ तीन वर्षं वाजवत होते. कोजागिरीला आमच्याकडे मोठी देवी बसते, तेव्हा एकदा आळीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं. स्पीकर लावला, पेडल खुर्चीपुढे ठेवला. लॅपटॉप सांभाळायला मी बाजूला. त्यांनी ‘रूप तेरा मस्ताना’ घेतलं, पण नेहमीच्या पट्टीत नाही. दीड स्वर खालून. मला कळेना. बासरीवाला, ढोलकीवाला सगळे गडबडले. नंतर रात्री घरी पोचवताना विचारलं, तर म्हणाले, ‘तिथून घेतलं की तुह्या उसन्या पट्ट्या लागत नाहीत.’ सगळं गाणं त्यांनी मनात सरकवून पाहिलं होतं, आणि जिथून फक्त आपलेच सूर वाजतील ती जागा शोधून काढली होती. दोन ठिकाणी तरीही उसनी पट्टी येत होती. तिथे त्यांनी चक्क ती जागा रिकामी सोडली होती. मांडवात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

२०२१ साली मास्तर गेले. पेटी काकूंनी माझ्याकडे दिली. काढलेले सूर मात्र मी त्यांना पहिल्याच दिवशी मोजून दिले होते, डालड्याच्या जुन्या डब्यात, आणि तो डबा त्यांनी स्वतःकडे ठेवला. गेल्या मे महिन्यात त्यांचा निरोप आला. पत्र्याच्या खोलीत फळीवर राहिल्यानं आतलं मेण वितळून सगळ्या पात्या एकमेकींना चिकटल्या होत्या, एक गोळाच झाला होता. ‘सुटतील का हो?’ त्यांनी विचारलं. मी टर्पेंटाइनची बाटली घेऊन गेलो. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं दुपारभर बसलो. मी एकेक सोडवत होतो, त्या फडक्यानं पुसून ओळीनं मांडत होत्या. संध्याकाळी मोजल्या. एकशेचार होत्या.